मासा जिवंत, वंश धोक्यात

तळ्यात एखाद्या सकाळी मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले की गावभर चर्चा होते. कुणी विष कालवले का, कारखान्याचे पाणी आले का, उन्हाळ्याने पाण्यातला प्राणवायू संपला का, याची चौकशी होते. मेलेला मासा डोळ्यांना दिसतो, म्हणून पाणी बिघडल्याचा तो पुरावा ठरतो. प्लास्टिकमधून पाण्यात उतरणारी रसायने सहसा असा पुरावा मागे ठेवत नाहीत. मासा पोहत राहतो, चरतो, वाढतोही. पण त्याच्या यकृतात, वृषणात, अंड्यांत बदल सुरू झालेले असतात आणि त्याचा हिशेब पुढच्या हंगामांत, कमी झालेल्या पिलांतून कळतो. हे नुकसान कोणत्या वाटेने होते ते या लेखात टप्प्याटप्प्याने पाहू. वाट कळली की ती अडवायच्या जागाही कळतात. त्यांतल्या बऱ्याच जागा आपल्या शेताच्या बांधावर आणि घराच्या परसात आहेत.

पाणी कुठून येते, कुठे जाते

उदाहरणादाखल मादन हिप्परगा घ्या. कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातले, महाराष्ट्राच्या सीमेजवळचे हे गाव. या तालुक्यातून अमरजा नदी वाहते. तिच्यावर तालुक्यातच धरण आहे. पुढे अफझलपूर तालुक्यात गाणगापूरला ती भीमेला मिळते. दत्तभक्त ज्या संगमावर स्नान करतात तो हाच संगम. भीमा तिथवर येते ती वाटेतल्या शहरांचे पाणी घेऊनच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि तिथून उजनी धरणात उतरते. उजनीखाली पंढरपूर लागते, मग सोलापूरच्या बाजूने सीना येऊन मिळते, नळदुर्ग आणि अक्कलकोटकडून बोरी येते. बीदरकडचे पाणी मात्र कारंजा आणि मांजरा या नद्यांतून गोदावरीकडे जाते.

म्हणजे या सीमाभागातल्या ओढ्यात पडलेली पिशवी भीमेतून कृष्णेच्या खोऱ्यात जाते किंवा मांजरेतून गोदावरीच्या. राज्याची हद्द पाण्याला अडवत नाही. महाराष्ट्रात टाकलेल्या कचऱ्याचे पाणी कर्नाटकातला मासा पितो आणि पुढे तेलंगणातलाही.

प्लास्टिकमध्ये काय काय असते

प्लास्टिकचा मूळ सांगाडा म्हणजे पॉलिमर, कार्बनी रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन ही त्यांची नावे. नुसत्या साखळ्यांची वस्तू बहुधा कामाची होत नाही. उन्हात तडकते, घडी घातली की मोडते किंवा साच्यात ओतताना करपते. म्हणून कारखान्यात तिच्यात इतर द्रव्ये मिसळतात. पीव्हीसीला मऊपणा यावा म्हणून थॅलेट गटातली द्रव्ये घालतात. मऊ नळी, रेक्झिन, ताडपत्रीवरचा थर, चपलेचा तळवा अशा वस्तूंत वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग निव्वळ थॅलेटचा असू शकतो. ऊन सोसावे म्हणून अतिनील किरण शोषणारी द्रव्ये घालतात, हवेने खराब होऊ नये म्हणून प्रतिऑक्सिडक, आग लवकर लागू नये म्हणून ब्रोमीनयुक्त द्रव्ये. रंग वेगळेच. पीव्हीसीच्या कडक पाइपांत पूर्वीपासून शिशाची संयुगे वापरत. ती हळूहळू बंद करण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम केले.

बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, याची गोष्ट थोडी निराळी. ते वरून मिसळायचे द्रव्य नसून पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लास्टिकचा कच्चा मालच आहे. पाण्याचे मोठे निळे जार, डब्यांच्या आतल्या बाजूचे इपॉक्सी लेपन, यंत्रातून छापून निघणाऱ्या पावत्यांचा थर्मल कागद यांत ते सापडते. साखळीत न गुंतलेले थोडे बीपीए मोकळे राहून जाते, आणि वस्तू जुनी होऊन साखळी तुटू लागली की आणखी सुटते.

अशी द्रव्ये किती? २०२४ साली युरोपातील शास्त्रज्ञांच्या एका गटाने प्लास्टकेम नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. प्लास्टिकमध्ये वापरलेली किंवा आढळलेली सोळा हजारांहून अधिक रसायने त्यांनी मोजली. त्यांपैकी चार हजार दोनशेहून अधिक माणसाला किंवा पर्यावरणाला घातक ठरतात, असे त्यात म्हटले आहे. पिशवीवर मात्र यातल्या एकाचेही नाव छापलेले नसते.

द्रव्य सुटते कसे

यातली बहुतेक मिश्रद्रव्ये पॉलिमरच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. ती साखळ्यांच्या मधल्या जागेत नुसती वस्तीला असतात. माठाच्या अंगातून पाणी जसे सावकाश पाझरून बाहेर येते, तशी ही द्रव्ये प्लास्टिकच्या आतून पृष्ठभागाकडे सरकतात आणि तिथून पाण्यात, तेलात किंवा हवेत जातात. मऊ पीव्हीसीची नळी काही वर्षांनी कडक होऊन चिरते, त्याचे कारण हेच. तिला मऊ ठेवणारे द्रव्य निघून गेलेले असते.

हे पाझरणे चार गोष्टींनी वाढते. पहिली उष्णता. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि काळ्या रानात उघड्यावर पडलेली काळी नळी हवेपेक्षाही जास्त तापते. दुसरी गोष्ट ऊन. अतिनील किरणांनी पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, वस्तू ठिसूळ होते आणि तिचा भुगा होतो. तिसरी गोष्ट आकार. वस्तूचे जितके बारीक तुकडे, तितका पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त आणि आतल्या द्रव्याला बाहेर यायचे अंतर कमी. चौथी गोष्ट म्हणजे पाण्याची जात. तेलकट पाण्यात थॅलेट लवकर उतरतात. क्षारयुक्त पाण्यात पॉलिकार्बोनेटच्या साखळ्या लवकर तुटून बीपीए सुटते.

आता आपल्या शिवारात पाहू. ठिबकच्या जुन्या नळ्या, फाटलेला मल्चिंग पेपर, खताची पोती, कीटकनाशकांच्या बाटल्या, शेततळ्याच्या अस्तराचे तुकडे, दुकानातून आलेल्या पातळ पिशव्या. यातले पॉलिथिन थॅलेटशिवाय बनते, हे खरे. तरी त्यात प्रतिऑक्सिडक आणि ऊन सोसण्यासाठीची द्रव्ये असतातच. अशाच एका द्रव्याचे, यूव्ही-३२८ याचे नाव २०२३ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत घातले गेले. निसर्गात दीर्घकाळ टिकणाऱ्या आणि सजीवांच्या शरीरात साठणाऱ्या घातक रसायनांची ती जागतिक यादी आहे.

बांधावर हा कचरा पेटवून दिला की प्रश्न मिटला असे वाटते. प्रत्यक्षात तो पसरतो. पीव्हीसी जळताना डायॉक्सिन तयार होतात, शिसे राखेत उरते, अर्धवट वितळलेले गोळे मातीत राहतात आणि पहिल्या वळवाच्या पावसात ही राख ओढ्याला लागते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली, ती याच कारणांसाठी.

नदीत उतरल्यावर

पाण्यात आल्यावर सगळी द्रव्ये सारखी वागत नाहीत. बीपीए पाण्यात बऱ्यापैकी विरघळते आणि प्राणवायू भरपूर असेल तर जिवाणू ते काही दिवसांत तोडून टाकतात. थॅलेटमधली जड द्रव्ये, विशेषतः डीईएचपी, पाण्याला फारशी धरत नाहीत. ती गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात आणि प्राणवायू नसलेल्या चिखलात दीर्घकाळ टिकतात. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांतली काही तर चरबीत साठतात आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना त्यांचे प्रमाण वाढत जाते.

बीपीए काही दिवसांत नष्ट होत असेल तर भीती कशाची, असे कुणी विचारील. उत्तर असे की ते रोज नव्याने येते. गटारातून, उकिरड्यातून, नाल्यातून भर पडत राहिल्याने पाण्यातले प्रमाण शून्यावर येतच नाही. त्यात आपल्या नद्या बारमाही वाहत नाहीत. मार्चनंतर प्रवाह थांबतो आणि मासे डोहांत व बंधाऱ्यांत कोंडले जातात. त्या वेळी तिथे येणाऱ्या पाण्यात सांडपाण्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. मग पहिला पाऊस उन्हाळाभर तापलेल्या कचऱ्याचे धुणे घेऊन येतो, आणि रोहू-कटल्याचा विणीचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो.

ही भीती कागदावरची नाही. तमिळनाडूतील संशोधकांनी कावेरी, वेळ्ळार आणि ताम्रपर्णी या नद्यांचे पाणी तपासले. त्यात बीपीए आणि नॉनिलफेनॉल (प्लास्टिकमधून सुटणारे आणखी एक रसायन) गटातली द्रव्ये आढळल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर कावेरीच्या पाण्यात आणि गाळात थॅलेटही मोजले गेले.

माशाच्या शरीरात शिरण्याच्या वाटा

मासा पाण्यात राहतो आणि पाण्यातूनच श्वास घेतो. कल्ल्यांच्या पातळ पडद्यांतून दिवसभर पाणी जात असते. प्राणवायू जिथून रक्तात येतो तिथूनच बीपीएसारखे लहान रेणूही येतात. ही पहिली वाट. दुसरी वाट तोंडाची, आणि इथे प्रत्येक जातीचा वाटा वेगळा पडतो. कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी गाळून खातो, त्यामुळे तरंगता भुगा त्याच्या तोंडी जाऊ शकतो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ तळ उकरून खातो, म्हणून गाळाला चिकटलेली द्रव्ये त्याच्या वाट्याला अधिक येतात. मरळ दुसऱ्या माशांना खातो, तेव्हा त्यांच्या अंगात साठलेलेही त्याच्याकडे येते. तिसरी वाट आईची. मादीच्या शरीरातली चरबीप्रिय द्रव्ये अंड्याच्या बलकात उतरतात आणि पिलू जगात येण्याआधीच त्याच्या शिदोरीत मिसळतात.

संप्रेरकांची फसवणूक

आत गेलेल्या रसायनाचा सर्वांत खोल परिणाम संप्रेरकांच्या कारभारावर होतो. संप्रेरक म्हणजे हार्मोन. ग्रंथी ते रक्तात सोडतात आणि शरीराच्या दुसऱ्या टोकाची पेशी त्याचा हुकूम पाळते. प्रमाण अगदी थोडे, परिणाम मोठा. मत्स्यशेती करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशातील अंगुल येथे माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे कोंडीतल्या पाण्यात प्रजनन घडवले. आज शेततळ्यात सोडायला येणारे मत्स्यजिरे आणि बोटुकली याच शोधाची देणगी आहे. तिलापियाच्या पिलांना पहिले तीन-चार आठवडे खाद्यातून नर संप्रेरक दिले की जवळजवळ सगळी पिले नर होतात. उबवणी केंद्रात हे नेहमी केले जाते. संप्रेरकाचा एक थेंब माशाची वीण घडवू शकतो आणि लिंगही बदलू शकतो. मग बाहेरून आलेला, संप्रेरकासारखा दिसणारा रेणूही तसेच काही करू शकतो, हे ओघानेच येते.

बीपीए असाच रेणू आहे. ते मादीच्या इस्ट्रोजेन संप्रेरकासारखे काम करते हे १९३६ सालीच इंग्लंडमध्ये प्रयोगाने कळले होते. त्यापासून प्लास्टिक बनवणे मात्र १९५० च्या दशकात सुरू झाले. १९९१ साली अमेरिकेत आना सोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कर्करोगाच्या पेशी विनाकारण वाढताना दिसल्या. शोध घेतला तेव्हा प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या नळ्यांतून नॉनिलफेनॉल सुटत असल्याचे निघाले. तेही इस्ट्रोजेनसारखेच वागत होते.

माशात हे घडते कसे? निरोगी मादीचे अंडाशय इस्ट्रोजेन सोडते. ते रक्तातून यकृताकडे जाते, पेशीतल्या ग्राहक रेणूला बिलगते आणि व्हिटेलोजेनिन नावाचे प्रथिन बनवायचा हुकूम देते. हे प्रथिन अंडाशयात जाऊन अंड्याचा बलक होते. नराच्या यकृतातही हे प्रथिन बनवण्याचे जनुक असते, फक्त ते झोपलेले असते. बीपीए किंवा नॉनिलफेनॉल त्याच ग्राहक रेणूला बिलगले की नराचे यकृतही बलकाचे प्रथिन तयार करू लागते. नराला अंडाशय नाही, त्यामुळे हे प्रथिन रक्तात साठत जाते. फार वाढले तर मूत्रपिंडाला इजा करते. ज्या ताकदीने त्याने वाढायचे, विणीची तयारी करायची, ती ताकद निरुपयोगी कामात खर्च होते.

ब्रिटनमध्ये जॉन सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या तोंडाशी पिंजऱ्यात ट्राउट मासे ठेवले होते. त्यांच्या रक्तातले व्हिटेलोजेनिन जागेनुसार पाचशे पटींपासून एक लाख पटींपर्यंत वाढल्याचे १९९४ साली प्रसिद्ध झाले. नंतर तिथल्या नद्यांत वृषणात अंडी असलेले रोच मासे मोठ्या संख्येने सापडले. त्या सांडपाण्यात माणसाच्या शरीरातली आणि गर्भनिरोधक गोळ्यांतली संप्रेरकेही होती. एअर नावाच्या नदीत लोकर धुण्याच्या गिरण्यांतले नॉनिलफेनॉल मुख्य कारण ठरले. पुढे युरोपीय संघाने नॉनिलफेनॉलच्या वापरावर कडक निर्बंध घातले.

नुकसान पिढ्यान्‌पिढ्यांचे

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब करू. दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाणी घ्या आणि त्यात एक ग्रॅम बीपीए मिसळा. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम झाले. ऑस्ट्रियात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्राउन ट्राउट माशांना लिटरमागे सुमारे पावणेदोन ते पाच मायक्रोग्रॅम बीपीए असलेल्या पाण्यात ठेवले होते. कमी प्रमाणातही नरांच्या वीर्याची गुणवत्ता उतरली आणि माद्यांची अंडी दोन ते तीन आठवडे उशिरा सुटली. पाच मायक्रोग्रॅमला माद्यांनी अंडी सोडलीच नाहीत. ज्या माशाची वीण पावसाच्या चार-दोन सरींशी बांधलेली असते, त्याच्यासाठी तीन आठवड्यांचा उशीर म्हणजे तो हंगामच वाया.

थॅलेटचेही तसेच. इटलीतील संशोधकांनी २०१० साली झेब्राफिश या छोट्या माशाच्या माद्यांना तीन आठवडे डीईएचपीच्या पाण्यात ठेवले. प्रमाण निसर्गात आढळते तेवढेच होते. अंडाशयात अंडी पिकण्याची क्रिया बिघडली आणि पिले देणारी अंडी फार घटली.

सर्वांत काळजी वाटावी असा प्रयोग अमेरिकेतला. मेडाका माशाच्या गर्भांना आयुष्याच्या फक्त पहिल्या सात दिवसांत बीपीए दिले आणि पुढे स्वच्छ पाण्यात वाढवले. ते मासे आणि त्यांची पिले ठीक दिसली. पण नातवंडांच्या पिढीत अंडी फळण्याचे प्रमाण घटले आणि पणतवंडांच्या पिढीत गर्भ जगण्याचे. या पिढ्यांनी बीपीए कधी पाहिलेच नव्हते. २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. प्रयोगातली मात्रा मोठी होती, लिटरमागे शंभर मायक्रोग्रॅम, हे ध्यानात ठेवायला हवे. तरी एक गोष्ट त्यातून पक्की होते. पाणी आज स्वच्छ केले म्हणून कालची इजा लगेच भरून निघेल, असे धरून चालता येत नाही.

यकृत, श्वास आणि हवेची पिशवी

प्रजनन सोडूनही इतर अवयवांना झळ लागते. कॅलिफोर्नियात चेल्सी रॉचमन यांनी मेडाका माशांच्या खाद्यात पॉलिथिनचा भुगा मिसळला. काहींना कोरा भुगा, काहींना सान दिएगोच्या खाडीत तीन महिने बुडवून ठेवलेला. दोन महिन्यांनी खाडीतला भुगा खाल्लेल्या माशांच्या यकृतात साठवणीची साखर संपलेली, चरबीचे थेंब साचलेले आणि काही पेशी मेलेल्या आढळल्या. कोरा भुगा खाल्लेल्यांतही ताण दिसला, पण कमी. २०१३ च्या या अभ्यासाने दाखवले की प्लास्टिक आपले विष देतेच, शिवाय पाण्यातले इतर विष शोषून माशापर्यंत पोचवते.

थायरॉइड ग्रंथीचा कारभारही बिघडतो. अंड्यातून निघालेल्या पिलाला पोटातली हवेची पिशवी फुगवावी लागते, तेव्हाच ते पाण्यात तोल सांभाळून चरू लागते. हे काम थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते. काही ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक आणि बीपीए या संप्रेरकाच्या आड येतात. पिशवी नीट न फुगलेले पिलू धडधाकट दिसले तरी मोठ्या माशाचा घास होते.

टायरचा भुगाही याच वर्गात धरायला हवा. सिअ‍ॅटल शहराच्या ओढ्यांत पावसानंतर कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत होते. टायरमधल्या ६पीपीडी या द्रव्याचा ओझोनशी संयोग होऊन बनणारे रसायन त्याला कारण असल्याचे २०२० च्या अखेरीस सिद्ध झाले. त्याच ओढ्यातल्या चम सामनला मात्र त्याने काही होत नाही. एका जातीवर प्रयोग करून दुसऱ्या जातीला निर्धास्त सोडता येत नाही, हा यातला धडा. रोहू, मृगळ, मरळ यांच्यासाठीचे उत्तर त्यांच्यावरच तपासून मिळेल.

आपली तपासणी कुठे कमी पडते

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते, आणि भीमेचे नाव महाराष्ट्र व कर्नाटक दोन्हींच्या यादीत होते. ही प्रतवारी बीओडीवर ठरते, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला किती प्राणवायू लागेल यावर. सांडपाणी ओळखायला हे माप उत्तम आहे. बीपीए किंवा थॅलेट लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम असले तरी बीओडीचा आकडा हलत नाही. विषारीपणाची नेहमीची परीक्षा, म्हणजे ९६ तासांत निम्मे मासे किती मात्रेला मरतात ते पाहणे, तीही इथे उपयोगी नाही. प्लास्टिकमधली ही द्रव्ये त्या मात्रेहून शेकडो पटींनी कमी प्रमाणात वंशाला धक्का लावतात.

योग्य परीक्षा वेगळी आहे आणि ती अवघडही नाही. तळ्यातल्या काही नर माशांचे रक्त घेऊन त्यात व्हिटेलोजेनिन आहे का पाहायचे. नरात ते सापडले तर पाण्यात इस्ट्रोजेनसारखे काहीतरी आहे, हे मासाच सांगतो. जोडीला गाळातले थॅलेट मोजायचे आणि वृषण-यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. हे करू शकणाऱ्या संस्था जवळच आहेत. पशुवैद्यक आणि मत्स्यविज्ञानाचे राज्य विद्यापीठ बीदरला आहे. कर्नाटकचे केंद्रीय विद्यापीठ तर आळंद तालुक्यातच, कडगंचीला आहे. मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१ पासून मत्स्यविज्ञानाच्या क्षेत्रात काम करते. अमरजा धरण, गाणगापूरचा संगम, कारंजा धरण आणि उजनी या चार ठिकाणी उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर अशी तपासणी दरवर्षी झाली, तर काही वर्षांत सीमेच्या दोन्ही बाजूंना विश्वासार्ह आकडे मिळतील.

मग मासे खायचे का?

खायचे. मासा हा स्वस्त आणि उत्तम प्रथिनांचा आहार आहे. बीपीए आणि थॅलेट माशाचे यकृत बरेचसे मोडून बाहेर टाकते, ते मांसात फारसे साठत नाहीत. प्लास्टिकचा भुगा मुख्यतः आतड्यात आणि कल्ल्यांत असतो, आणि मासा साफ करताना आपण ते टाकतोच. सबंध खाल्ल्या जाणाऱ्या बारीक माशांचे पोट शक्यतो काढावे. गरम कालवण प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात भरू नये. त्या वाटेने आपल्या पोटात जाणारी द्रव्ये आपण सहज टाळू शकतो.

वाट अडवायची कुठे

कायदे झालेले आहेत. कर्नाटकाने मार्च २०१६ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली, महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आहे. प्लास्टिकवरच्या जागतिक कराराची बोलणी मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात एकमताशिवाय संपली. घातक रसायनांवर बंधन घालायचे की नाही, हा त्यातल्या वादाच्या मुद्द्यांपैकी एक होता. तोवर आपल्या हातात आहे ते करायला हवे.

शेतकऱ्यांनी मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या नळ्या हंगाम संपताच गोळा करून सावलीत ठेवाव्यात आणि भंगारवाल्याला द्याव्यात. उन्हात पडून त्यांचा भुगा झाला की गोळा करणे अशक्य होते. हा कचरा जाळू नये. कीटकनाशकाची बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे, बाटलीला भोके पाडावीत आणि ती ओढ्यापासून लांब ठेवावी. तळ्याकाठी ती कधीच धुऊ नये.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी नवे अस्तर घातल्यावर पहिले पाणी काही दिवसांनी शेताला सोडून द्यावे आणि मगच बोटुकली सोडावी. चिरलेल्या अस्तराचे तुकडे पाण्यात राहू देऊ नयेत. बीज आणलेल्या पिशव्या वाटेत उन्हात ठेवू नयेत. पिले जितकी लहान तितकी त्यांना इजा अधिक, हे लक्षात ठेवावे.

ग्रामपंचायतींनी एक काम पावसाळ्याआधी करावे. ओढा गावाबाहेर पडतो तिथे जाळी लावून कचरा अडवावा आणि मे महिन्यात ओढ्याचे पात्र साफ करून घ्यावे. पहिल्या पुराबरोबर जाणारे विष त्यामुळे बरेच थांबेल आणि विणीला आलेल्या माशांना स्वच्छ पाणी मिळेल. संगमावर जाणाऱ्या भाविकांनी फुले-नारळ कापडी पिशवीत न्यावेत आणि ती पिशवी परत आणावी.

तळ्याचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थांनी दरवर्षीची नोंद ठेवावी. कोणत्या जातीचे किती मासे मिळाले, त्यांत गाभोळी असलेल्या माद्या किती आणि पिले कधी दिसली. शास्त्रज्ञाला लागणारी ही सर्वांत मोलाची माहिती आहे आणि ती पाण्यावर रोज काम करणाऱ्या माणसाशिवाय कुणाकडे नाही. अशी वही आजपासून सुरू करा, आणि पाच वर्षांनी ती घेऊन बीदरच्या किंवा कडगंचीच्या विद्यापीठात जा. माशांची पिढी घटते आहे की नाही, याचे उत्तर त्या वहीतून मिळेल, आणि ते वेळेवर मिळाले तर वंश वाचवता येईल.